बंडकऱ्यांच्या वाटेवर: मुंबईहून ठाणे, शिरढोण, प्रबळगड आणि भंडारदरा कसं पाहावं

पळस्पे फाटा माहीत नाही असा कोकणी माणूस मुंबईत सापडायचा नाही. पुण्याचा आणि गोव्याचा रस्ता इथे फुटतो. मे १८७९ मध्ये, १० आणि ११ तारखेला, दौलतराव नाईकांची रामोशी टोळी घाट उतरून या मुलखात आली. तिने पळस्पे आणि चिखली इथे दरोडे घातले आणि सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज घेऊन ती परत घाटमाथ्याकडे निघाली. मेजर डॅनियलच्या तुकडीने तिला वाटेत गाठलं आणि दौलतराव गोळी लागून पडले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचा कणा तिथे मोडला. दर गणपतीला आपण त्याच फाट्यावर गाडी थांबवून वडे खातो आणि पुढे जातो.

इंग्रजांनी दरोडेखोर म्हणून ज्यांच्या मागे पलटणी लावल्या, ज्यांच्या डोक्यावर इनामं लावली, त्या टोळ्यांच्या जागा मुंबईपासून हाकेच्या अंतरावर आहेत. सुट्टीच्या दिवशी जाऊन येता येतील अशा. त्या कशा पाहायच्या, कुठल्या क्रमाने, काय वाचून आणि काय बरोबर घेऊन, ते इथे सांगतो.

आधी एक आग्रह. स्मारकाला हार घालून, फोटो काढून परत फिरलात तर हाती काही लागणार नाही. पुतळे सगळीकडे सारखेच असतात. टोळीला जगवणारी जमीन मात्र जागोजागी वेगळी आहे. म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी शोधा: पाणी कुठे होतं, निसटायची वाट कुठली होती आणि यांना भाकरी कोण देत होतं. या तीन प्रश्नांची उत्तरं जागेवर उभं राहून मिळाली, की कागदावरची तारीख जिवंत होते.

कोणाच्या जागा पाहायच्या?

मी तीन बंडं धरतो. पहिलं उमाजी नाईक यांचं, १८२० च्या दशकापासून ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी होईपर्यंतचं. दुसरं राघोजी भांगरे यांचं, १८४४ पासून १८४८ पर्यंतचं. तिसरं फडके आणि दौलतराव नाईक यांचं, १८७९ चं.

तिन्हींची मुळं एकाच जागी पोचतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. गडांची राखण करणारे रामोशी नाईक आणि घाटवाटांवर पहारा देणारे महादेव कोळी नाईक यांची पिढीजात कामं गेली, त्यांच्याबरोबर हक्क आणि वेतनंही गेली किंवा कमी झाली. पुढे सावकाराचं कर्ज आणि कोर्टाची जप्ती आली, आणि १८७६-७७ चा दुष्काळ त्यावर कोसळला. होन्या नावाच्या कोळी बंडकऱ्याने १८७३ पासून सावकारांची नाकं कापायचा सपाटा लावला, तो याच रागातून. त्याला १८७६ मध्ये पकडणारा अधिकारी म्हणजे हाच मेजर डॅनियल.

कान्होजी आंग्र्यांचा खांदेरी-उंदेरी परिसर मी या यादीत घेत नाही. इंग्रज त्यांना चाचे म्हणत असले तरी ते मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते. त्यांच्या आरमाराला टोळी म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तो प्रवास वेगळा करा.

घरी बसून करायची तयारी

ही पायरी गाळू नका. सगळ्यात सोपी आणि फुकट मिळणारी वस्तू म्हणजे जुनी जिल्हा गॅझेटिअर्स. ठाण्याचं १८८२ चं, कुलाब्याचं, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचं, १८८३ चं, अहमदनगरचं १८८४ चं आणि पुण्याचं १८८५ चं. राज्य सरकारने ती ऑनलाइन ठेवली आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, नाहीतर शोधून शोधून दमाल: पनवेल त्या काळी ठाणे जिल्ह्यात होतं. त्यामुळे प्रबळगड आणि कर्नाळा आज रायगडात असले तरी कुलाब्याच्या खंडात सापडणार नाहीत, ठाण्याच्या खंडात बघा. कर्नाळ्याच्या सुळक्यामुळे साहेब लोक त्या डोंगराला 'फनेल हिल' म्हणत, त्या नावानेही शोध घ्या.

वाचताना लिहिणारा कोण आहे याचं भान हवं. कलेक्टर किंवा लष्करी अधिकारी लुटीचा आकडा नेमका देतो, तारीख नेमकी देतो, गावाचं नाव देतो. माणूस बंडात का गेला, यावर मात्र एखादी ओळ खर्च करतो. तेव्हा त्याच्याकडून तारखा आणि गावं घ्या. सगळी गावं एका कागदावर उतरवा, आजच्या नकाशावर ठिपके द्या आणि ठिपक्यांमधून रेघ ओढा. ती रेघ पक्क्या रस्त्याने जाणार नाही. ती नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, खिंडीतून, गडाच्या पोटाखालून जाईल. आपल्याला तीच पाहायची आहे.

आणखी खोलात जायचं असेल तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे. १८२१ मध्ये सुरू झालेलं हे दप्तर मुंबई इलाख्याच्या सरकारी कागदांचं घर आहे. कामाच्या दिवशी, ओळखपत्र घेऊन, आधी चौकशी करून जा. 'बंडाविषयी काही द्या' असं म्हणून तिथे काही निघत नाही. वर्ष, खातं आणि माणसाचं नाव घेऊन गेलात तर काम होतं.

कधी जायचं, काय न्यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हे डोंगर देखणे दिसतात, पण १९ जुलै २०२३ च्या रात्री इरसाळगडाच्या पायथ्याची इरसाळवाडी दरडीखाली गेली. प्रबळगड तिथून शेजारीच आहे. जोराच्या पावसात या वाटांवर जाऊ नये, एवढंच म्हणेन. मार्चनंतर ऊन आणि पाण्याची टंचाई. मात्र बंडाचे बेत आखणाऱ्यांना उन्हाळा सोयीचा पडत असणार, कारण नद्या आटलेल्या आणि नाळा कोरड्या असतात.

माणशी किमान तीन लिटर पाणी, घट्ट पकडीचे बूट, विजेरी, ओळखपत्र, सुटे पैसे आणि तुमचा तो ठिपक्यांचा नकाशा, कागदावर. दरीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

पहिली फेरी: मेट्रो चौक ते ठाण्याचा तुरुंग

सुरुवात शेवटापासून करा, म्हणजे सरकारच्या बाजूने. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोरचा चौक वासुदेव बळवंत फडके यांच्या नावाचा आहे. नाव वाचा आणि पुढे चला. फडक्यांनी तरुणपणी मुंबईत जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेत कारकुनी केली होती, तेव्हा या बाजूचे रस्ते त्यांच्या पायाखालचे. तिथून सीएसएमटीला चालत जा आणि ठाण्याची फास्ट लोकल पकडा. सकाळच्या वेळी गर्दी उलट दिशेला असते, डाऊन गाडीत बसायला जागा मिळते.

ठाणे पश्चिमेला कोर्ट नाक्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला मध्यवर्ती कारागृह आहे. हा मुळात ठाण्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. पुढे त्याचा तुरुंग झाला. तुरुंग आजही चालू आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. दाराचे, तटाचे, पहाऱ्याचे फोटो काढू नका. पोलिसांनी हटकलं तर हुज्जत न घालता पुढे व्हा. रस्त्यावरून तटाची उंची आणि दगड दिसतो, तेवढं आपल्याला पुरतं.

या तटाशी दोन गोष्टी जोडलेल्या आहेत.

पहिली त्रिंबकजी डेंगळ्यांची. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या १८१५ मधल्या खुनाबद्दल पेशव्यांच्या या कारभाऱ्याला इंग्रजांनी इथे डांबलं. फितुरी नको म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे सोजीर ठेवले. पण गढीतल्या एका साहेबाचा मोतद्दार मराठी होता. तो घोडा फिरवायला त्रिंबकजींच्या खिडकीखालून जाई आणि सहज गुणगुणावं तसं गात जाई. पळून जायचा सगळा बेत त्या गाण्यात होता. पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हतं. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री, पावसाच्या अंधारात, त्रिंबकजी निसटले ते डोंगरात गेले आणि भिल्ल, रामोशी, मांग यांची माणसं जमवू लागले. १८१८ मध्ये नाशिकजवळ अहिरगावला ते पुन्हा सापडले आणि चुनारच्या किल्ल्यात कैदेत पडले. ठाण्याच्या तटाखाली उभं राहून ही गोष्ट आठवली की कळतं, वाट फक्त डोंगरातच नसते. त्या रात्री ती भाषेतून निघाली.

दुसरी गोष्ट राघोजी भांगरे यांची. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातले हे महादेव कोळी. बंड मोडल्यावर ते वारकऱ्यांत मिसळून राहिले आणि २ जानेवारी १८४८ ला पंढरपुरात लेफ्टनंट गेल याच्या हाती लागले. २ मे १८४८ ला याच ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं. पुढे १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांनाही इथेच फाशी झाली, म्हणून ठाणेकर या तटाकडे वेगळ्या नजरेने बघतात.

ही फेरी दुपारपर्यंत संपते. परत जाताना पुराभिलेखागारात तास-दोन तास घालवता येतात.

दुसरी फेरी: कर्नाळा, शिरढोण, पळस्पे

हार्बरने पनवेलला उतरा. एसटी स्टँडवरून पेण, अलिबाग बाजूच्या गाड्या कर्नाळ्यावरून जातात. ती गाडी तिथे थांबते का, हे चढतानाच वाहकाला विचारा. मुंबई-गोवा रस्त्याला लागल्यावर आधी शिरढोण लागतं, मग कर्नाळा. तरी उलट करा: सकाळच्या गारव्यात गड, उतरल्यावर शिरढोण.

कर्नाळा हे १९६८ पासून पक्षी अभयारण्य आहे. दारात प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि प्लॅस्टिकची झडती होते. बाटल्या मोजून अनामत घेतात, परत आणून दाखवल्या की पैसे मिळतात. चढ साधारण सव्वा-दीड तासाचा, झाडीतला, वाट ठळक.

वर पोचल्यावर सुळक्याच्या पायाशी जा. अंगठ्यासारखा उभा असलेला हा कातळ लांबून सगळ्यांनी पाहिलेला असतो. जवळून पाहायचं ते त्याच्या बुडाला. तिथे कातळ आत खोदून पाण्याची टाकी आणि कोठारं केली आहेत. वरचा सगळा दगड सावली धरतो, त्यामुळे भर उन्हातही आत गारवा असतो. बाहेर घाम पुसत उभं राहायचं आणि दोन पावलं आत गेलं की अंगावर शहारा. गडावर पाण्याशिवाय काही टिकत नाही, हे त्या टाक्यांच्या काठाशी कळतं. मात्र इथे एक धोका आहे आणि तो थट्टेवारी नेऊ नका. सुळक्यावर आग्या मोहोळं असतात. सिगारेट, शेकोटी, उग्र अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं, यातलं काहीही केलंत तर माश्या उठतात आणि मग पळायला जागा नसते. शांतपणे बघा, खाली या.

फडके यांचे आजोबा अनंतराव या गडाचे किल्लेदार होते. जानेवारी १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने गड घेतला. नातू जन्मला ४ नोव्हेंबर १८४५ ला, पायथ्याच्या शिरढोणमध्ये. म्हणजे घरातल्या माणसांनी राखलेला गड रोज अंगणातून दिसायचा आणि त्यावर सत्ता परक्याची. हे मी कल्पनेने सांगत नाही. शिरढोणला उतरलात की मान वर करून स्वतः खात्री करा.

शिरढोणमध्ये फडक्यांचा वाडा आणि स्मारक आहे. गावात कुणालाही विचारा, बोट दाखवतील. वाडा पाहताना या माणसाचा पल्ला आठवा. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही, आई गेली. पुढे दुष्काळात माणसं अन्नावाचून मरताना पाहिली. मग रामोशी, कोळी, भिल्ल, धनगर जमवले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला. लूट हवी होती ती फौज उभी करायला. सरकारने पकडून देण्याबद्दल इनाम लावलं, तर यांनी उलट मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड टेंपल याच्या डोक्यावर इनाम लावलं. जुलै १८७९ मध्ये तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, आजच्या कर्नाटकात, देवर नावदगी इथे ते सापडले. पुण्यात खटला चालला, बचावाला सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी उभे राहिले. जन्मठेप होऊन एडनला रवानगी झाली. तिथेही १३ फेब्रुवारी १८८३ ला त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उपटलं आणि निसटले. थोड्याच वेळात पकडले गेले आणि १७ फेब्रुवारीला अन्नत्यागात त्यांचा अंत झाला. १७ फेब्रुवारीच्या सुमारास शिरढोणला गेलात तर गावकऱ्यांशी या विषयावर बोलणं आपसूक निघतं.

परतीला पळस्पे फाट्यावर उतरा. इथे पाहायची आहे ती दिशा. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, पूर्वेला प्रबळचा लांबलचक माथा आणि त्यामागे सह्याद्रीची भिंत. टोळीला त्या भिंतीपर्यंत पोचायचं होतं. ओझं घेऊन, पायी, मे महिन्याच्या उन्हात, आणि मागावर डॅनियलची तुकडी. आपला नकाशा काढा आणि अंतर बघा.

तिसरी फेरी: प्रबळगड

माझ्या मते या सगळ्यात मोलाची जागा हीच. बहुतेक लोक मात्र प्रबळमाचीवरून शेजारच्या कलावंतीण सुळक्याच्या पायऱ्या चढून फोटो काढतात आणि खाली येतात. मोठा गड मागे तसाच राहतो.

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने शेडुंग फाटा, तिथून ठाकूरवाडी. पनवेल स्टँडवरून ठाकूरवाडीला मोजक्याच एसटी आहेत. वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. चुकली तर शेडुंगपर्यंत जाऊन तिथून टमटम. ठाकूरवाडीला नोंद करून, शुल्क भरून वर निघायचं. अंधारात चढायला मनाई आहे, ती पाळा.

ठाकूरवाडी ते प्रबळमाची दीड-दोन तास. माचीवर ठाकर समाजाची घरं आहेत. चढतानाच जेवणाचं सांगून ठेवलंत तर उतरताना गरम भाकरी, पिठलं, ठेचा मिळतो. माचीवरून दोन वाटा फुटतात: एक कलावंतिणीला, दुसरी मोठ्या गडाला. दुसरी म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली नाळ आहे, तिला आणखी दीड-दोन तास लागतात. पायाखाली दगड हलतात, म्हणून दोघांमध्ये अंतर ठेवून चढा आणि मागचा माणूस सरळ खाली राहणार नाही असं बघा.

माथा बघून नवखा माणूस चक्रावतो. वर मैदान नाही, बुरुजांची रांग नाही. दाट रान आहे. वाड्यांचे चौथरे, टाकी, गणपतीचं देऊळ, सगळं झाडीत बुडालेलं. वाटा फसव्या आहेत, म्हणून माचीवरचा वाटाड्या घ्या. त्याच्या हातात पैसे पडतात आणि तुम्हाला टाकी सापडतात, नाहीतर दिवस रानात जातो.

आता ते तीन प्रश्न इथे लावा. पाणी: कातळात खोदलेली टाकी. वाट: एका अंगाला माचीची नाळ आणि पूर्वेकडे माथेरानच्या रांगेशी लगत, म्हणजे एकीकडून शिपाई चढले तर दुसरीकडे रानात विरघळायला जागा. आणि कडेला उभं राहून खाली बघा. आज तिथे द्रुतगती मार्गावरची ट्रकची रांग दिसते. उमाजी नाईकांच्या काळी याच पट्ट्यातून पनवेल बंदर आणि बोरघाट यांच्यामधली वाहतूक चाले. मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेल आणि मग घाट. म्हणजे राजधानी आणि पुण्याची छावणी यांना जोडणारी नाडी प्रबळच्या नजरेखाली होती.

१८२७ साली रामोशांची मोठी टोळी निशाण आणि शिंग घेऊन घाट उतरली, पनवेलच्या पूर्वेला तळ दिला आणि सारा इंग्रजांना न देता आपल्याकडे भरा असं गावांना कळवलं. त्याच सुमारास उमाजी नाईक आपल्या माणसांसह काही काळ प्रबळगडावर राहिले होते. सारा मागणं हे चोराचं लक्षण नाही. सारा राजा मागतो. उमाजींनी पुढे १८३१ च्या फेब्रुवारीत जाहीरनामाच काढला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांना पकडणाऱ्या कॅप्टन मॅकिंटॉशने रामोशांविषयी सविस्तर लिहून ठेवलं आहे, आणि त्याच्या लिखाणातही या माणसाचा दरारा लपत नाही.

दुपारी तीनच्या आत उतरायला लागा. नाळेत अंधार लवकर पडतो.

गावात बोलताना

तिसरा प्रश्न भाकरीचा. त्याचं उत्तर नकाशात नाही, माणसांत आहे. म्हणून कसं बोलायचं ते सांगतो.

सरकारने १८७१ मध्ये असा कायदा केला की अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार. १९११ पासून तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. स्वतंत्र भारतात तो १९५२ मध्ये रद्द झाला. रामोशी समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. म्हणजे हा शिक्का कागदावरून जाऊन अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. समोरच्या आजोबांनी किंवा त्यांच्या वडिलांनी तो अंगावर वागवलेला असू शकतो. म्हणून 'तुमच्याकडचा दरोडेखोर कुठे राहायचा' असं तोंडातून काढू नका. 'नाईकांची जागा कुठली', 'राघोजीबाबांविषयी तुमच्याकडे काय सांगतात' असं विचारा. वडीलधाऱ्यांना बाबा, आजी, मामा म्हणा, बसा, चहा घ्या. पहिल्या वाक्याला रेकॉर्डिंग सुरू करू नका, विचारून करा. गावची हकिकत तारखेला चुकेल, दोन माणसं एक करेल, चालेल. तारखा तुमच्याकडे आहेतच. गावाकडून घ्यायचं ते हे की कोणाच्या घरून भाकरी जायची, कुठल्या देवीला कौल लावला, कुठल्या सावकाराची वही जाळली.

चौथी फेरी: भंडारदरा, मुक्कामाची

राघोजी भांगरे यांचा मुलूख. याला दोन दिवस हवेत. रेल्वेने इगतपुरी, तिथून घोटीमार्गे एसटी किंवा जीपने भंडारदरा. लोकलने यायचं तर कसाऱ्याला उतरून पुढे जीप. काजव्यांच्या दिवसांत, मे अखेर ते जून, शनिवार-रविवारी इकडे फिरकू नका. रस्ते तुंबलेले असतात आणि कुणाला तुमच्याशी बोलायला सवड नसते.

प्रवरेवरचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, म्हणजे राघोजींनी हा जलाशय पाहिलेला नाही. आज त्याच जलाशयाला त्यांचं नाव आहे. त्यांचं गाव देवगाव, राजूरच्या बाजूला. पहिल्या दिवशी देवगाव आणि संध्याकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. अमृतेश्वराची पुष्करणी आणि वर रतनगडाचा माथा एका नजरेत येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाटघरला जा. अभयारण्याचं शुल्क नाक्यावर भरावं लागतं. कोकणकड्याच्या टोकाशी जपून उभे राहा, वारा फार असतो. समोर जमीन संपते आणि खाली शहापूर तालुका पसरलेला दिसतो. याच अंगाला चोंढ्याची घाटवाट खाली उतरते. अशा वाटा महादेव कोळ्यांच्या पहाऱ्यात होत्या. कुठली वाट पावसात बंद होते, कुठल्या वळणावर दहा माणसं शंभरांना अडवतात, हे त्यांना पाठ. पहारा काढून घेतला म्हणून ही माहिती सरकारला काढून घेता आली नाही. पुढे चार वर्षं सरकारची दमछाक झाली, ती का, ते इथे दिसतं. चोंढ्याची वाट उतरायची हौस असेल तर गावातला माणूस बरोबर घ्या, एकट्याने नको.

परतताना सिन्नर बाजूने आलात तर नाशिक-पुणे रस्त्यावर नांदूर शिंगोटे लागतं. भिल्ल नाईक भागोजी यांनी ४ ऑक्टोबर १८५७ ला तिथे लेफ्टनंट हेन्रीला ठार केलं. दोन वर्षांनी भागोजींना गाठणारा फ्रँक साउटर पुढे १८६४ मध्ये मुंबईचा पोलीस कमिशनर झाला आणि १८८८ पर्यंत त्या खुर्चीवर राहिला.

पुणे, वेळ असेल तर

उमाजी नाईकांचा शेवट पाहायला पुण्याला जावं लागतं. १५ डिसेंबर १८३१ ला भोरजवळ उत्रोळीला ते फितुरीने पकडले गेले आणि पुण्यात खडकमाळ आळीच्या मामलेदार कचेरीत त्यांना फाशी दिलं. दहशत बसावी म्हणून प्रेत तीन दिवस पिंपळाला टांगून ठेवलं होतं. कचेरीच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. पुणे स्टेशनवरून रिक्षाला 'मामलेदार कचेरी' सांगितलं की पुरे. ३ फेब्रुवारी आणि ७ सप्टेंबर, पुण्यतिथी आणि जयंती, या दिवशी लांबून लांबून माणसं येतात. पुरंदरच्या भिवडीचे, म्हणजे त्यांच्या जन्मगावचे लोक तिथे भेटू शकतात, तेव्हा भिवडीला कसं जायचं ते त्यांनाच विचारा. एरवी जायचं तर कामाचा दिवस बघून जा, शनिवारी-रविवारी कचेरीला सुट्टी असते.